सात दिवसांची मुदत

आनंदराज जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि सोमवारी सकाळी त्याचा नवा लेख आला.

उमाशंकर सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नांदेडच्या एका कॉलेजातलं ग्रंथालय सोडल्यापासून ते 'पार' सांभाळत. मराठीत मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चाळीसेक मंडळींचे ब्लॉग या एका पानावर आपोआप गोळा होत. शिरूर अनंतपाळचा आनंदराज त्यांतला सगळ्यात हौशी. तो गेला तेव्हा त्याचं नाव आणि फोटो पारावर तसेच ठेवायचे, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

लेखाचं नाव होतं 'आईची साखर कशी उतरली'. खाली कसल्याशा चूर्णाची जाहिरात, आणि मागवायला मोबाईल नंबर.

लातूरला संगणकाचे वर्ग घेणारी वर्षाराणी ही पाराची दुसरी राखणदार. तिने फोनवरच उलगडा केला. "सर, वेबसाइटचं नाव दरवर्षी नव्यानं घ्यावं लागतं. आनंदराजच्या मागं कोण घेणार? मुदत सरली, कुण्या चोरानं उचललं. जुने लेख वाचून त्याच्यासारखंच लिहायलाय. काढून टाका."

"पण नियम आहे ना. धंद्याचा मजकूर दिसला तर आधी लेखकाला कळवायचं, सात दिवस वाट बघायची."

"मेलेल्या माणसाला नोटीस? टपाल कुठं टाकताव सर, स्मशानात?"

नियम सरांनीच लिहिला होता. पूर्वी एकदा त्यांनी घाईने एकाचं नाव काढलं होतं. तो माणूस निर्दोष निघाला, पण पुन्हा पाराकडे फिरकला नाही. तेव्हापासून सरांचा स्वतःच्या निवाड्यावर भरवसा उरला नव्हता. त्यांनी आनंदराजच्या जुन्या पत्त्यावर मेल पाठवला. सात दिवसांत खुलासा न आल्यास पारावरून नाव काढावे लागेल.

बुधवारी उत्तर आलं.

'सर, चुकलं माझं. जरा वेळ द्या. तब्येतीला जपा.'

नावाबरोबर मेलचा पत्ताही चोराच्या हाती गेला असणार, हे सरांना कळत होतं. 'तब्येतीला जपा' हे शब्दही आनंदराजच्या प्रत्येक लेखाखाली असायचे, तिथूनच उचललेले. तरी त्यांनी ते चारदा वाचले.

दुपारी आनंदराजच्या आईचा फोन आला. कोंडाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. लेकाचा फोटो दिसतो म्हणून रोज पार उघडत.

"सर, माझ्या लेकराचं वाचलं का?"

"कोंडाबाई, आनंदराज तर..."

"मला म्हाईत न्हाई व्हय? ह्याच हातानं माती दिली त्याला. आधीच लिहून ठिवलं असंल. त्यो म्हणायचा, आज लिवायचं अन् वरसानं छापून यील असं करता येतंय. सुईला मी किती कटाळते, त्याला ठावं व्हतं. चूर्ण उद्या येतंय. त्या नंबरावरला माणूस म्हणला आधी सुई बंद करा, कालपासून बंद केली."

"ते त्याचं नाही हो. चोर आहे कुणीतरी. इन्सुलिन सोडू नका, जीवावर बेतेल."

"मग तुमच्या पारावर कसं आलं? चोराला तुमी फोटू लावून बशिवताव व्हय?"

फोन ठेवून सरांनी सातव्या दिवसाची वाट न पाहता आनंदराजचं नाव काढलं. फोटो गेला, सगळे जुने लेख गेले. मग त्यांनी कोंडाबाईंना पुन्हा फोन लावला.

"आता बघा. काढलं मी ते."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"त्यानं लिवलंच व्हतं. आत्ता तुमी काढायच्या आधी आलं, मी उतरून घेतलंय. 'पारवाले मला सात दिवसांत काढणार आहेत. त्यांचं ऐकू नका. नंबर जपून ठेवा.' आपल्या मागं तुमी काय करताल, त्ये जितेपणीच वळखलं माझ्या लेकरानं."

सरांनी आपलंच वाक्य ओळखलं. सोमवारी त्यांनी स्वतः ते लिहून त्या माणसाच्या हातात दिलं होतं.

"कोंडाबाई, निदान आजची सुई..."

"कुणाला धाडू नका इकडं. दार उघडणार न्हाई मी."

सरांनी वर्षाराणीला सांगितलं. ती "निघते" म्हणाली. लातूरहून शिरूरला पोचायला तास-दीड तास.

सरांनी पुन्हा फोन लावला. कोंडाबाईंचा फोन व्यस्त होता. पाच मिनिटांनी लावला, दहा मिनिटांनी लावला. त्या कुणाशी तरी बोलत होत्या.