स्वागताचे नऊ मुद्दे

जोहान्सबर्गमधील आमच्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळीत अकरा भाषा नांदतात. माइक मात्र एकाच भाषेत बोलतो. मलावीहून आलेली तमांडा, आपल्या चिचेवा भाषेत एक स्तोत्र गाऊ द्यावे, अशी तीन वर्षे विनवणी करीत होती. आमचे कारभारी सोबेक्वा दरवेळी म्हणत, "पुढच्या रविवारी नक्की, ताई."

अखेर 'सर्व राष्ट्रांचा रविवार' उजाडला. परकीयांच्या स्वागतावरील सोबेक्वांचे भाषण पाऊण तासानंतरही आटोपेना. बाहेर भुकेल्यांसाठी शिजविलेले सूप गार होत चालले.

"अरे, तमांडाचं गाणं?" पुढल्या बाकावरून लाल पोलक्यातील नोझुको आजींनी विचारले.

"आज वेळ कुठंय, आजी? स्वागताचे नऊ मुद्दे उरलेत अजून!"

आमच्यात जुना रिवाज आहे. वक्ता लांबला की कोणीही स्तोत्र सुरू करावे, सर्वांनी साथ द्यावी आणि वक्त्याने मुकाट बसावे. तमांडा उठली व चिचेवात गाऊ लागली. शब्द आम्हांस कळले नाहीत. चाल मात्र सर्वांच्या परिचयाची होती. अवघी मंडळी उभी राहिली व आपापल्या भाषेत साथ देऊ लागली.

सोबेक्वा बसले. "निदान शेवटचा मुद्दा तरी!" ते कळवळून म्हणाले.

"पुढच्या रविवारी नक्की, बाळा," आजी म्हणाल्या आणि दुसरे कडवे उचलत्या झाल्या.