बंडीत शिवलेलं पुस्तक

अकरा वर्षं परमुलखात काढून वेनान्सियो आपल्या गावी, मालाबायला परतला, तो पार थकून. माद्रिदच्या थंडीनं त्याची छाती धरली होती, बार्सिलोनाच्या छापखान्यानं डोळे अधू केले होते, आणि उरलासुरला उत्साह हाँगकाँगच्या एका भाड्याच्या खोलीत, गावी परतायच्या परवान्याची वाट पाहण्यात संपला होता. तळ्यातून जाणाऱ्या आगबोटीवर तो रिकाम्या पोत्यांवर आडवा पडून होता. डोक्यात स्वातंत्र्य नव्हतं, देश नव्हता. त्याला झोपायचं होतं. भावाच्या घरात बांबूच्या जमिनीवर चटई टाकून, खाली कोंबड्या खुडबुडताहेत आणि वर कुणी काही विचारत नाही, अशी झोप.

परवाना फुकट मिळाला नव्हता. मनिलाच्या कचेरीत त्याच्यासमोर एक कागद सरकवला गेला. मी लिहिलेल्या पुस्तकातलं सगळं खोटं आहे, पाद्र्यांची आणि स्पॅनिश सरकारची मी माफी मागतो, एवढंच त्यात होतं. ज्यानं तीनशे पानं लिहिली होती त्याला त्या चार ओळी वाचायला अर्धा तास लागला. मग त्यानं सही केली. कारकुनानं शाईवर वाळू भुरभुरवली, झटकली आणि कागद कपाटात गेला. हे घरी कुणाला कळायचं कारण नाही, असं वेनान्सियोनं ठरवून टाकलं. असं काहीबाही ठरवून त्या काळी बरीच शिकलेली माणसं सुखानं जगत होती.

धक्क्यावर अर्धं गाव उभं होतं. सगळ्यांत पुढे लोलो आम्बो, साऱ्या गावाचा आजोबा, सत्तरी उलटलेला नावाडी, ज्यानं वेनान्सियोला लहानपणी वल्हं धरायला शिकवलं होतं. रीतीप्रमाणे वेनान्सियो वाकला आणि म्हाताऱ्याचा हात कपाळाला लावायला पुढे झाला. पण म्हाताराच आधी वाकला. त्यानं वेनान्सियोचा हात धरून आपल्या सुरकुतलेल्या कपाळाला टेकवला. मालाबायमध्ये धाकट्यानं थोरल्याचा हात कपाळाला लावायचा; उलटं कधी कुणी पाहिलं नव्हतं. वेनान्सियोनं हात मागे ओढला, तोवर दुसऱ्यानं धरला, मग तिसऱ्यानं.

त्याचा ऊर भरून आला. माद्रिदमध्ये पुस्तकाच्या सदतीस प्रती खपल्या होत्या, आणि त्यातल्याही बऱ्याचशा मित्रांनी कीव येऊन घेतल्या होत्या. चोरून गावी धाडलेल्या डझनभर प्रतींचं पुढे काय झालं ते त्याला कधी कळलंच नव्हतं. म्हणजे इथे लोकांनी वाचलं, त्याला वाटलं. सगळ्यांनी वाचलं. आणि त्याच क्षणी त्याला मनिलाच्या कपाटातला तो कागद आठवला.

घरी वहिनीनं, बासिलिसानं, भात आणि शिरक्यात शिजवलेला मासा वाढला. थोरला भाऊ पोलिकार्पो समोर बसला होता. या कार्पोनं नांगराचा रेडा विकून धाकट्याला बोटीवर चढवलं होतं, आणि पुढची तीन वर्षं स्वतः उसन्या रेड्यानं चिखल तुडवला होता. आता तो अर्धा वाळला होता, पण डोळ्यांत काहीतरी भलतंच चमकत होतं. जेवताना मधूनमधून तो डाव्या छातीवर हात ठेवी.

वेनान्सियोनं पुस्तक पाहायला मागितलं. वहिनीनं पेटीतून आणलं ते नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर. आत पान नव्हतं.

मग तिनं सगळं सांगितलं, आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी लोलो आम्बो एक प्रत सदऱ्याखाली लपवून आणत असताना शिपायानं त्याच्यावर गोळी झाडली होती. दारू दमट असेल किंवा शिपाई पिऊन आला असेल, पण म्हाताऱ्यानं गावभर सांगितलं की गोळी छातीपर्यंत आली आणि पाणी होऊन गळून पडली. त्यातच पाद्रीबाबानं ओळीनं तीन रविवार व्यासपीठावरून त्या पुस्तकाला शिव्याशाप दिले. ज्या पुस्तकाला पाद्री एवढा भितो त्यात काहीतरी असणारच, असं गावानं मानलं, आणि तसं पाहिलं तर गावाचं काही चुकलं नव्हतं. पुस्तक स्पॅनिशमध्ये होतं, आणि ती भाषा गावात एकालाही वाचता येत नव्हती. बाकीच्या प्रती धाडीच्या भीतीनं शेजारच्या गावांत गेल्या. या एका प्रतीचं एकेक पान कापून, घडी करून, वहिनीनं एकेका माणसाच्या बंडीत हृदयाच्या बाजूला शिवलं होतं. एकेचाळीस बंड्या; उरलेली पानं बायकापोरांच्या उशांत गेली होती. टाके बारीक होते, पाहण्यासारखे होते.

ताईत. अकरा वर्षांच्या जागरणांचा ताईत झाला होता. वेनान्सियोला आधी हसू आलं, मग शिपाई येणार आहेत असं वहिनी म्हणाली आणि हसू गेलं.

पाद्र्यांच्या मठानं जमिनीचा खंड दुपटीनं वाढवला होता. कुळांनी तो दिला नव्हता. शुक्रवारी शिपाई येऊन मठाच्या जमिनीवरची घरं पाडणार होते, आणि एकेचाळीस माणसं रिकाम्या हातांनी, बंड्या घालून रस्त्यात आडवी उभी राहणार होती. सगळ्यांत पुढे कार्पो.

दुसऱ्या दिवशी वेनान्सियोनं आपल्या कुयाला, थोरल्या भावाला, विहिरीपाशी गाठलं.

"कुया, तो कागद आहे. मी लिहिलाय, माझ्यासमोर छापलाय. त्यानं गोळी थांबत नाही."

"तू लिहिलास, ते खरं," कार्पो शांतपणे म्हणाला. "तुझं काम तेवढंच होतं, आणि ते तू केलंस. पुढचं तुला कळत नाही."

वेनान्सियोनं वहिनीला बंडी उसवायला लावली. पान घामानं पिवळं पडलं होतं, पण वाचता येत होतं. एका सरकारी कचेरीतले दोन कारकून एका मोडक्या खुर्चीवरून भांडतात, असा तो भाग होता. लिहितानाही त्याला तो भरतीचा वाटला होता. त्यानं तो ओळनओळ गावच्या तागालोग भाषेत सांगितला. कार्पो मनापासून हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "हे झालं वरवरचं. आतलं वेगळं असतं." आणि पान पुन्हा घडी करून बायकोच्या हातात दिलं.

पुढे वेनान्सियोनं भीती घालून पाहिली. गोळी लागलेली माणसं त्यानं पाहिली होती, त्यांचं वर्णन केलं. माणसं ऐकून घेत, मान हलवत, आणि बिचाऱ्याला परदेशात फार सोसावं लागलं असं म्हणत विडा पुढे करत. ठाण्यात जाऊन सांगावं तर सगळे तुरुंगात जाणार. त्यानं हात टेकले. ज्या झोपेसाठी तो आला होता ती त्याला एक दिवसही लागली नाही.

गुरुवारी दुपारी एकेचाळीस जण कार्पोच्या अंगणात जमले. लेखक स्वतः आलाच आहे, तर त्यानं प्रत्येकाच्या बंडीला एकदा हात लावावा, म्हणजे ताईत ताजा होईल, असं ठरलं होतं. वेनान्सियोला कुणी विचारलं नव्हतं. त्याला घराच्या शिडीवर बसवलं, आणि लोलो आम्बो पहिला येऊन छाती पुढे करून उभा राहिला.

वेनान्सियोनं कार्पोकडे पाहिलं. भाऊ रांगेत नव्हता, बाजूला उभा होता, आणि त्याच्या तोंडावर एवढा अभिमान होता की पाहवेना. उद्या हे तोंड चिखलात पडलेलं असेल. वेनान्सियोला आपल्या भावाचा जीव हवा होता. बाकी त्याच्याजवळ द्यायला काही उरलंच नव्हतं, एक नाव सोडून.

"मी सही करून आलोय," तो म्हणाला.

कुणाला काही समजलं नाही.

"मनिलात. पुस्तकातलं सगळं खोटं आहे असं लिहून दिलंय. पाद्र्यांची माफी मागितलीय. परत यायला मिळावं म्हणून."

कुणाच्या तरी काखेत धरलेला झुंजीचा कोंबडा तेवढा कुरकुरला. लोलो आम्बो छाती पुढे काढून तसाच उभा होता, जसं काही त्याला ऐकूच आलं नव्हतं.

कार्पो दोन पावलं पुढे आला. "मारलं असेल तुला," तो म्हणाला.

जबरदस्तीनं घेतलेली सही ताइताला बाधत नाही, हे मालाबायमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वेनान्सियोलाही ठाऊक होतं, तो याच मातीत वाढलेला होता. भाऊ त्याला दार उघडून देत होता. हो म्हटलं असतं तर त्याची अब्रू राहिली असती, उलट वाढली असती, आणि उद्या ही सगळी माणसं बंड्या घालून रस्त्यात उभी राहिली असती.

"नाही मारलं."

"मग कोंडून ठेवलं असेल. उपाशी ठेवलं असेल."

"नाही रे, कुया. खुर्ची दिली बसायला. मी दमलो होतो."

कार्पो त्याच्याकडे पाहत राहिला. अकरा वर्षांच्या एकाही पत्रात वेनान्सियोनं इतकं खरं काही लिहिलं नव्हतं, आणि ते त्या क्षणी त्या दोघांनाही कळलं.

"देणाऱ्यानंच परत घेतला," लोलो आम्बो म्हणाला. "मेला ताईत." त्यानं बंडी काढली, नीट घडी केली आणि शिडीच्या पायरीवर ठेवली. मग एकेक जण आला. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. दिली असती तर बरं झालं असतं. बंड्यांचा ढीग वेनान्सियोच्या गुडघ्यापर्यंत आला. सगळ्यांत शेवटी कार्पोनं आपली काढली आणि ढिगावर न ठेवता बायकोच्या हातात दिली.

संध्याकाळी पुरुषांची बैठक झाली. वेनान्सियोला कुणी बोलावलं नाही. ठरलं ते वहिनीकडून कळलं: उभं राहायचं नाही. घरं उचलून न्यायची, ओढ्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे मठाची हद्द संपते.

शुक्रवारी उजाडताच कामाला सुरुवात झाली. मालाबायची घरं हलकी, बांबूची आणि झावळ्यांची. बांबूच्या जमिनीखालून लांब वासे सरकवायचे, वेत बांधायचा, आणि गावानं खांदा द्यायचा. अख्खं घर छपरासकट चालू लागतं. पहिलं घर कार्पोचं. शिपाई तोवर येऊन रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहिले होते, बंदुका घेऊन. पाडायचं घर लोक आपणच उचलून नेताहेत म्हटल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना. त्यांच्या हवालदारानं चिरूट पेटवला आणि पाहत बसला.

वेनान्सियोनं सदरा काढला. मागच्या वाशापाशी दोघांच्या मधे एका खांद्याची जागा मोकळी होती. तो तिथे जाऊन वाकला. कुणी त्याला नको म्हटलं नाही. फक्त इकडचा थोडा तिकडे सरकला, तिकडचा थोडा इकडे, आणि ती जागा भरून गेली. तो वाकलेलाच राहिला क्षणभर, मग सरळ झाला. पुढून कार्पोचा आवाज आला, एक, दोन, आणि घर जमिनीवरून उठलं.

वहिनीनं त्याच्या हातात भाताचं मडकं आणि मिठाची बरणी दिली. "हे तरी धर," ती म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं नाही. तो मडकं आणि बरणी घेऊन मागून चालू लागला. बंदुकांच्या रांगेसमोरून घर हळूहळू पुढे सरकत होतं. एकाही शिपायानं बंदूक खांद्यावरून उतरवली नाही. घराखाली उघड्या पाठी घामानं निथळत होत्या. त्यानं त्या मोजल्या. कार्पो धरून एकेचाळीस भरल्या. ओढ्याच्या चिखलात त्याचा पाय घसरला, मोजणी चुकली असं वाटलं, म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.