पाहुण्यांच्या पैशावरचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, आज नुसतं बोलतोय.

टर्नस्टोन गावात, वाळू संपते तिथे एका उंच खांबावर मी उभा आहे. समोर पॅसिफिक, पाठीशी गाव आणि गावामागे शाळेची टेकडी. माझं काम एकच. समुद्राच्या तळाशी जमीन हलली, मोठी लाट निघाली, की मी ओरडायचं आणि माणसांनी टेकडीवर पळायचं. त्यामुळे स्वभाव जन्मापासूनच घाबरट. समुद्र जरा शांत दिसला तरी मला वाटतं, याच्या मनात काहीतरी आहे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पहिल्यांदा ओरडलो तेव्हा कामगारांनी कानांत बोटं घातली होती. केवढा अभिमान वाटला होता मला! इथे आल्यावर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी बारा वाजता माझी चाचणी व्हायची. गावकरी घड्याळं लावून घ्यायचे, कुत्री गळा काढायची आणि पर्यटक हातातलं आइस्क्रीम सांभाळत विचारायचे, "काय झालं हो?" कुणीतरी त्यांना सांगायचं. सांगता सांगता टेकडीकडे बोटही दाखवायचं. एवढं झालं की माझा महिना सार्थकी लागायचा.

पण खारा वारा कुणाची भीड ठेवत नाही. मला गंज चढला, बॅटऱ्या थकल्या. मार्लिस केटुनेन ही आमच्या अग्निशमन ठाण्याची प्रमुख. पोटासाठी शाळेची बस चालवते आणि उरलेल्या वेळात गावाचा जीव सांभाळते. ती शिडी लावून वर यायची, माझा गंज घासायची आणि म्हणायची, "एवढा हिवाळा काढ रे बाबा. पुढचं पुढे बघू."

गाव जेमतेम सहाशे वस्तीचं. त्याच्या तिजोरीत बंबाचं डिझेल भागलं तरी पुष्कळ. पैसा आहे तो पाहुण्यांचा. उन्हाळ्यात हॉटेलं भरतात, प्रत्येक खोलीच्या भाड्यावर मुक्कामाचा कर लागतो आणि त्याची चांगली रास जमते. पण नियम असा, की त्या पैशातून आणखी पाहुणे आणायचे. कुणाला किती द्यायचं हे एक समिती ठरवते. तिच्यात निम्मे हॉटेलवाले, म्हणजे कर गोळा करणारे, आणि निम्मे शिंपल्यांचा उत्सव नि आतषबाजी भरवणारे, म्हणजे तो घेणारे. वाढणारेही तेच आणि पंगतीलाही तेच! गावाची परिषद मागून मान डोलावते.

ही समिती ठाण्याच्या स्वयंपाकघरात बसते, माझ्या खांबाला लागूनच. खिडकी उघडी असली की मला सगळं ऐकू येतं. त्या वर्षी मार्लिसने माझ्यासाठी अर्ज केला होता.

समितीचा अध्यक्ष रॉइस पेटीबोन, गावातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलचा मालक. शिंपल्यांचं सूप भुरकत त्याने विचारलं, "मार्लिस, या भोंग्यामुळे किती पर्यटक येतील?"

"एकही नाही."

"मग पैसे कशाला?"

"आलेले जिवंत परत जातील, म्हणून."

"हे मी जाहिरातीत कसं घालू, बाई?" रॉइस म्हणाला आणि सगळे हसले. मार्लिस हसली नाही.

जिग्ना भक्ता समितीवर नवीन होती. तिचं बावीस खोल्यांचं मोटेल. चादरी बदलण्यापासून बिलं करण्यापर्यंत सगळं तीच बघते. ती म्हणाली, "माझं तर वेगळंच दुखणं आहे. हा ओरडला की माझे पाहुणे बॅगा भरतात. परवा एक कुटुंब दोन रात्री सोडून निघून गेलं. मोठ्या हॉटेलांना चालतं हो, मी काय करू?"

मला तिचा राग आला नाही. तिचंही पोट आहे.

मग रॉइसने तोडगा काढला. "याला गायला लावू. चाचणीच्या दिवशी देवमाशाचं गाणं वाजवायचं. लोक ऐकायला येतील, नियमात बसेल आणि तुझ्या बॅटऱ्याही येतील."

"रॉइस, भोंगा आहे तो, लग्नातला बँड नाही!"

"गाणं हवं की गंज? तूच ठरव."

मार्लिसने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच होकाराचा हात वर केला. अडला हरी, दुसरं काय!

मला नव्या बॅटऱ्या मिळाल्या, निळा रंग मिळाला आणि परका गळा मिळाला. पहिल्या सोमवारी मी देवमाशासारखा हुंकारलो तेव्हा लाजेने मेलो. पण लोक आले. पुढच्या महिन्यात दुप्पट आले. घडीच्या खुर्च्या, खांद्यावर पोरं, वर धरलेले फोन. जिग्नाचे सासरे, ज्यांना सगळे बापुजी म्हणतात, ते वॉकर टेकत टेकत यायचे. माझ्याखालच्या बाकावर बसायचे, थर्मासातला चहा ओतायचे आणि मला म्हणायचे, "हं, चालू दे भाई."

समिती खूश. "भोंग्यामुळे पर्यटक येतात!" रॉइस टेबलावर थाप मारून म्हणाला. पुढच्या वर्षी मला न मागता जास्त पैसे मंजूर झाले. त्यातून माझ्या पायाशी आणखी बाक आले, कॉफीची गाडी आली.

मी मात्र आणखीच घाबरलो. वरून मला पावलं दिसत होती ना! टेकडीकडे एकही जात नव्हतं. माझा आवाज आला की माणसं समुद्राकडे चालत येत होती. त्यांना हे मीच शिकवत होतो, महिन्याच्या महिन्याला, आणि पाहुण्यांच्याच पैशाने.

मग सप्टेंबरातला एक गुरुवार आला. समुद्रापलीकडे कुठेतरी जमीन हलली, ठाण्यात इशारा आला आणि मार्लिसने माझं बटण दाबलं. दोन वर्षांनी मी माझ्या गळ्याने ओरडलो.

आणि माणसं आली. माझ्याकडे.

"आज सोमवार नाही, खास कार्यक्रम दिसतोय," कुणीतरी म्हणालं. कॉफीच्या गाडीपुढे रांग लागली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो आणि ते माझे फोटो काढत होते. मला शब्द येत नाहीत, याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात मार्लिस शाळेची बस घेऊन थेट वाळूच्या कडेपर्यंत आली. "बसा आत! लाट येतेय! अरे, गाणं नाहीये हे, टेकडीवर चला!" तिचा घसा फाटला. मागून जिग्ना घरातल्या सपाता घालून धावत आली. बापुजी बाकावर होते. चहा ओतत होते.

"बापुजी, उठा! उठा म्हणते ना!"

"अगं, बस जरा. गाणं अजून लागलंच नाही. आज गळा बसलेला दिसतोय त्याचा."

तिने त्यांना कमरेला धरून उचललं आणि जवळजवळ फरपटत बसमध्ये चढवलं. वॉकर तिथेच राहिला.

लाट आली ती गुडघाभर. खुर्च्या घेऊन गेली, कॉफीची गाडी आडवी केली आणि वॉकर ओढून नेला. माणूस एकही गेला नाही. संध्याकाळी गावात त्यावर विनोदही झाले.

पुढच्या बैठकीत जिग्ना उभी राहिली. "गाणं बंद करा. त्याला त्याच्या आवाजात ओरडू द्या."

"पाहुणे पळतात म्हणून तूच रडत होतीस ना?" रॉइस म्हणाला.

"रडत होते. आता पळाले तर पळू देत. निदान घरी तरी पोचतील!"

रॉइसने सुपाचा वाडगा बाजूला सारला. तो दुष्ट नाही हो. "जिग्ना, गाणं बंद झालं की भोंगा नियमात बसत नाही. पुढच्या बॅटऱ्या कुठून आणू?"

मतं झाली. जिग्ना एकटी पडली. गाणं राहिलं, परिषदेने मान डोलावली.

आता जिग्ना खोलीची किल्ली देताना प्रत्येक पाहुण्याला काउंटरबाहेर नेते आणि टेकडी दाखवते. तिच्या खोल्या बावीस. बाकीच्या शेकडो खोल्यांत झोपणाऱ्यांना कोण दाखवणार, या काळजीने मी दिवसभर समुद्राकडे बघत असतो.

तुम्ही कधी टर्नस्टोनला आलात तर सोमवारचं गाणं जरूर ऐका, कॉफी प्या. माझ्या बॅटऱ्यांचा खर्च त्यातूनच निघतो. पण एखाद्या दिवशी मी बेसूर, कर्कश ओरडायला लागलो, तर हात जोडतो, फोन काढू नका. वर मान करून माझ्याकडे बघू नका. माझ्याकडे पाठ करा आणि पळा. तुमची पाठ दिसेनाशी होईपर्यंत, नाहीतर पाणी माझ्या गळ्याशी येईपर्यंत, मी ओरडत राहीन.