मढी मागणाऱ्याची हार

आम्ही जिंकलो होतो. राजाचा दूत मी, त्यामुळे जिंकल्याची दवंडीही मीच दिली होती. पण माझा धाकटा भाऊ दामिस शत्रूच्या तटाखाली मरून पडला होता, आणि त्याला उचलायचं तर शत्रूची परवानगी मागावी लागणार होती.

आमच्यात जो आपली मढी मागायला जातो तो हरला, मग मैदान कुणी का मारलेलं असेना. हा नियम करताना मढ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी राजा मेनाल्कसच्या तंबूत शिरलो. "महाराज, मला पाठवा. माती मिळाली नाही तर पोरगा मेलेल्यांच्या नदीच्या अलीकडेच अडकून पडेल."

"लिकोन, इतकी माणसं घालवून जिंकलोय. आता हरलो म्हणू?"

"तुमचा अर्खिप्पसही तिथेच आहे."

"माझ्या पोराचं मला सांगू नकोस!" तो खेकसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "जा बाबा आपल्या तंबूत. माझे हात बांधलेत."

राजाचेच हात बांधलेले, तर माझी काय कथा! तीन दिवस भर उन्हात तटाकडून वारा येत राहिला. लोक ताटावरून उठून जायचे. म्हातारा आचारी फोर्मिओन म्हणाला, "जिंकलात ना? मग एरंडेल प्यायल्यासारखी तोंडं कसली करता?" त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण त्याचेही दोन मुलगे तिथेच होते.

चौथ्या दिवशी सकाळी राजानं बोलावलं. "जा. हरलो म्हण."

दूताची काठी घेऊन गेलो, तटाखाली उभा राहून ओरडलो. वरची माणसं पोट धरून हसली. मग त्यांनी मढी उचलू दिली.

एकेचाळीस होती. चिलखतं, कपडे त्यांनी आधीच काढून नेले होते. उरलेलं काम उन्हानं आणि पक्ष्यांनी केलं होतं. मी रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येकावर मूठभर माती टाकायची आणि तीनदा हाक मारायची, "दामिस, दामिस, दामिस." माझ्यामागून राजा येत होता. त्याच मढ्यांवर पुन्हा माती टाकून तो अर्खिप्पसला हाका मारत होता.

रांग संपली. राजा मातीचे हात घेऊन तसाच उभा राहिला.

"लिकोन, यातला माझा कुठला रे?"

"पहिल्या दिवशी विचारायचं होतंत, महाराज. तेव्हा त्यांना तोंडं होती."