डोकं खाली, देठ वर

मी फुलाफुलांचं कापड बोलतंय. सोफ्यावरचं. हो, तेच, ज्याला तुम्ही गुपचूप ओले हात पुसता.

दुकानात माझ्या फळीवर चौकडी, पट्टे आणि ठिपके राहायचे. चौकडीला स्वतःच्या शिस्तीचा फार गर्व. पट्टे ऊठसूट सांगायचे, आमच्यामुळे माणूस बारीक दिसतो. ठिपके कोणाशी बोलायचे नाहीत. मी मोठ्या लाल फुलांचं. देठ खाली, तोंड वर.

एक दिवस माझे आताचे मालक गिऱ्हाईक म्हणून आले आणि त्यांनी माझा अख्खा तागा उचलला. पडदे, उशा, सोफा, सगळं एकाच कापडाचं. उरलेल्यात बायकोला गाऊन.

"म्हणजे मी पण फर्निचर?" मालकीणबाईंनी विचारलं.

"उरलंय ना," मालक म्हणाले.

शिंप्याने मला कापताना उलटं धरलं. सगळं शिवून, चढवून झालं तेव्हा लक्षात आलं. घरभर फुलं डोकं खाली करून लटकलेली.

"वहिनी, वाकून बघा, सरळ दिसतील," शिंपी म्हणाला आणि चहा पिऊन गेला. गाऊन मालकीणबाईंनी स्वतः शिवला, म्हणून तेवढाच सरळ राहिला.

त्या माझ्यावर बसल्या की त्यांचं फक्त डोकं आणि हात दिसायचे. बाकी सोफाच.

पुढे मालकांची नजर अधू झाली. लाल फुलं तेवढी दिसायची.

"अगं, ऐकतेस का," असं म्हणून ते मला गुडघेदुखीपासून सगळं सांगायचे.

आतून आवाज यायचा, "मी स्वयंपाकघरात आहे. तो सोफा आहे."

"तरीच. मध्ये एकदाही बोलली नाहीस."

शेवटी मालकीणबाईंनीच युक्ती काढली. "जवळ येऊन बघत जा. फुलांचं तोंड वर असेल तर मी. खाली असेल तर सोफा."

मग तापाचं निमित्त झालं आणि मालकीणबाई गेल्या. गाऊन कपाटात गेला.

मालक रोज सकाळी माझ्याजवळ यायचे, वाकायचे, फुलांना नाक लागेपर्यंत बघायचे. "सोफा," म्हणायचे आणि परत जायचे. रोज. मला तोंड असतं तरी मी काय बोलणार होतं?

अशात माझी बैठक फाटली. आतला कापूस दिसायला लागला. लेक माहेरी आली ती नवीन कापड घेऊनच. पट्टे. मला बघून हसले असतील.

"नको," मालक म्हणाले. "पट्ट्यांत मला कोणी सापडणार नाही."

"बाबा, आत्ता तरी कोण सापडतंय?"

लेकीला बोलल्याचं वाईट वाटलं असावं. तिने पट्टे पिशवीत घातले, कपाटातून गाऊन काढला, बराच वेळ मांडीवर ठेवला आणि मग कात्री घेतली. त्याचं ठिगळ तिने मला लावलं. फूल फुलाला, देठ देठाला जुळवून.

मालक वाकले. बघितलं. "उसव."

"का? इतकं जुळवलंय, कोणाला कळणार पण नाही."

"मला कळायला हवं. आईला डोकं खाली करून बसवू नकोस."

लेकीने टाके उसवले. ठिगळ फिरवून पुन्हा लावलं. शिवताना तिने मला दोनदा ओलं केलं. ते हात नव्हते.

आता मी विटलंय म्हणतात ते खरं आहे. पडद्यांची फडकी झाली, उशा गेल्या. मालक सकाळी येतात, वाकतात आणि सरळ फुलांच्या शेजारी अंग चोरून बसतात. परवा शेजारचे काका नेमके ठिगळावर टेकले.

"उठा," मालक शांतपणे म्हणाले. "बायकोवर बसलात."

काका उठले. परत आलेले नाहीत.

तेव्हा तुम्हीही कधी आलात तर आधी वाकून बघा. उलट्या फुलांवर खुशाल बसा, हातही पुसा. सरळ फुलांची जागा धरलेली आहे.