पाहुण्यांचं पाणी

भामाबाईनं माठातलं बोअरचं पाणी अंगणात ओतून टाकलं, माठ आतून पुसला आणि बिलोलीहून आणवलेला वीस लिटरचा जार त्यात रिकामा केला. दिल्लीचा साहेब घरात येणार आणि त्याला ते मचूळ पाणी द्यायचं? छे! पाहुण्याला असलं पाणी देणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आज कुठलं जमतंय.

साहेब येणार होता तो पाण्याच्या राष्ट्रीय धोरणासाठी. धोरण ठरणार दिल्लीतच, पण त्याआधी देशभरातून नमुन्याची गावं काढली होती. तालुक्यातून हे एकच. इथल्या पाच घरांचं पाणी जसं निघेल, तसं आसपासच्या चाळीस गावांचं धरायचं. वाईट निघालं, तरच गोदावरीचं पाणी नळानं येणार. कॉम्प्युटरनं काढलेल्या घरांत भामाबाईचं घर निघालं, तेव्हा गावची आशा कार्यकर्ती रेणुका हिनं देवापुढे साखर ठेवली होती. कारण या घरात तनुजा होती.

तनुजा भामाबाईची नात, बावीस वर्षांची. बोअरच्या पाण्यानं तिचे दात लहानपणीच तपकिरी पडलेले. निलंग्याची सोयरीक त्यावरूनच मोडली. तेव्हापासून पोरगी बोलते तीसुद्धा तोंडावर ओढणी धरून. हसण्याचं तर नावच नको.

साहेब तरुण निघाला, मराठीच, बोलायला गोड. चटईवर मांडी घालून बसला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

"आजी, पाणी छान आहे हो."

भामाबाईचा चेहरा फुलला. मग साहेबानं त्याच माठातलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, वर गुलाबी औषधाचे थेंब टाकले. पिवळं झालं तर पाणी वाईट, एवढं रेणुकाला ठाऊक होतं. ती वाकून बघत राहिली. पाणी गुलाबीच राहिलं. साहेबानं टॅबवर आकडा टाकला.

"मामी, माठात कोणतं पाणी हाय?" रेणुकानं भामाबाईला विचारलं.

"जारचं. पाहुण्याला काय बोअरचं देऊ?"

"अगं माय! सायेब, हे रोजचं पाणी न्हाई. रोज हे लोक बोअरचंच पितेत. थांबा, आत्ता आणते."

"ताई, एका घराचा एकच नमुना. आकडा टाकला की लॉक होतो."

"मग खोडा की!"

"मला नाही खोडता येत. शेरा टाकतो हवं तर." त्यानं यादीतला एक शेरा निवडला आणि वाचून दाखवला, 'कुटुंब शुद्ध पाणी विकत घेते.'

"असं कसं? एकदाच घेतलंय, तेबी तुमच्यासाठी!"

"दिलेल्या शेऱ्यांतलाच घ्यावा लागतो. त्यातल्या त्यात जवळचा हाच आहे."

"आन् बाकीच्या चार घरांचं?"

"चांगलं निघालं सगळ्यांचं. एका घरी तर लिंबू सरबतही दिलं."

रेणुकाला आत्ता उमगलं. सकाळी जारचा टेम्पो गावात पाच ठिकाणी थांबलेला तिनं स्वतः पाहिला होता. लग्नकार्य असेल कुणाकडे, असं वाटलं होतं तिला.

"माझंच चुकलं का गं?" भामाबाईनं हळूच विचारलं. रेणुकाला तिचा राग यावा तर कीवच येत होती.

"शेवटचं एक," साहेब उठत म्हणाला, "घरातल्या बाईचा माठाजवळ फोटो लागतो. अहवालात छापतात."

तनुजा न सांगताच पुढं आली. माठाशेजारी उभी राहिली. तिनं ओढणी खाली सोडली, मोबाइलकडे सरळ बघितलं आणि सगळे दात दिसतील एवढं तोंड उघडून हसली. भामाबाईनं डोळ्याला पदर लावला.

साहेब मोबाइलच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला कळलं होतं. चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला सगळं कळलं होतं. मग त्यानं अंगठ्यानं तो फोटो पुसला.

"तोंड मिटून एक घेऊ, ताई," तो खाली बघत म्हणाला, "चांगला येईल."