धवलेरीचा गळा

बस इथं, पाय पसर. आमच्या सोम्यादादाचं लगीन समुद्रात बुडता बुडता कसं राहिलं, ते सांगतो तुला.

राजाच्या वेळची गोष्ट. आमच्यात लगीन बामण नाय लावत, धवलेरी लावते. ती गाणं म्हणून देवांना बोलावते, मगच नवरा-नवरी. आमची धवलेरी धोंडीबाई. ती गेलेली खाली समुद्राकाठी, लेकीकडं. इकडं जामसरात दादाला हळद लागली नि बायचा पत्ता नाय. मी धाकटा, मला पिटाळलं.

बायला घेऊन परत निघालो तर खाडी भरलेली. तिचा जावई म्हणाला, "होडी घ्या. त्या टेकाडाला वळसा घाला, पलीकडं तुमची वाट." वल्हं देत होता. मी म्हटलं, "ते ठेव तुला. नदीत होडी हाकलीय मी. बांबू दे."

जावई काय तरी बोलणार होता. पण सासू जातेय म्हटल्यावर बांबू देऊन मोकळा झाला.

काठाकाठानं झ्याक चाललं. बांबू तळाला टेकव, रेट. टेकाडाच्या नाकाशी बांबू घातला, तर तळच नाय! वाकलो, आणखी वाकलो, नि बांबू सुटला हातातनं.

"काय झालं रे?"

"आये, हिला तळ नाय."

"मेल्या, ही काय तुझी नदी हाय?"

तिथनं जी सुटली! माझा बाप काढला, आजा काढला, आमची म्हैस पण सोडली नाय. मधेच कोळ्यांना हाका मारायची, मग परत माझ्यावर. मी लग्नासाठी घेतलेलं तिचं सूप घेऊन पाणी मारतोय, होडी गरगर फिरतेय. ऊन कललं तेव्हा पाणी फिरलं नि समुद्रानंच आम्हाला पलीकडच्या वाळूत नेऊन टाकलं.

बायनं शिवी द्यायला तोंड उघडलं. नुसता वारा, ओरडून गळा पार बसलेला. आधी मला बरं वाटलं. मग दादाचं लगीन आठवलं.

संस्थानच्या नाक्यावर शिपायानं नाव विचारलं, तिथं पण वारा.

मांडवात म्हातारे म्हणाले, "गाणं नाय तर लगीन नाय." नवरी नवशी, तिचा बाप पोरीला घेऊन उठला. दादा पिवळाजर्द, माझ्याकडं बघतोय वाघावाणी. तेवढ्यात धोंडीबाईनं माझा कान धरला नि आत फुसफुसली, "गळा तू घेतलास. आता तूच दे."

ती कानात सांगणार, मी गाणार. चुकलो की चिमटा. मांडवातली कुत्री उठून गेली. देव आले का, ठाऊक नाय. पण लगीन लागलं.

लागलं म्हणतो मी. नवशीवहिनी म्हणते, नाय. दादाशी वाजलं की गाठोडं उचलते, "दिरानं रेकून काय लगीन लागतं?" नि चालली वांगणीला, बापाकडं. चार पोरं झाली तरी तेच. काल पण गेली. धोंडीबाई आता नाय, माझं कोण ऐकतं?

तू उद्या वांगणीवरनंच जाणार ना? तिच्या दारात थांब जरा. सांग तिला, लगीन पक्कं लागलंय म्हणून. मी सांगितलं, असं मात्र बोलू नको.